पाठकोऱ्या चिठ्ठ्या

कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. गाडीत कापूस इतका चढवलेला असतो की ती झाडांना घासतच पुढे जाते, आणि काट्याकाट्याला एकेक पुंजका अडकून राहतो. परवा नेरला जाताना एसटीच्या खिडकीतून त्या बाभळी दिसल्या, आणि मी पर्समधला आतला कप्पा उघडून बोटांनी चाचपून पाहिलं. चिठ्ठी होती. ती तिथंच असते, तरी या दिवसांत मी एकदा बघून घेते. शेजारच्या बाईंना वाटलं, माझं तिकीट हरवलं.

"सापडलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. अनोळखी माणसांना मी शक्यतो मानेनंच उत्तर देते.

चार वर्षांपूर्वीपर्यंत कापूस म्हणजे माझ्यासाठी भूगोलातला एक परिच्छेद होता. यवतमाळच्या आमच्या इंग्रजी शाळेच्या भिंतीपलीकडेच पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, शेत होतं, पण वर्गात खिडकीबाहेर बघणं म्हणजे लक्ष नसणं, त्यामुळे काळी माती आणि कापूस मी इंग्रजीत पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरले. मराठी घरी बोलायचे, दुकानांच्या पाट्या वाचायचे. मराठी पुस्तक मोठ्याने वाचायची वेळ आली की मात्र जोडाक्षरापाशी पाय टेकायचे, नवीन सायकल शिकणारा उतारावर टेकतो तसे. पुढे मी ग्रंथालयशास्त्राला गेले. वाचनाची आवड असणारे तिकडे जातात असा लोकांचा समज आहे. मी गेले, कारण 'शांतता राखा' असं तिथं भिंतीवरच लिहिलेलं असतं.

तिथं मला नियम भेटले आणि मी खूश झाले. पुस्तकाची नोंद कशी करायची, कुठल्या नावानंतर पूर्णविराम, कुठे आडवी रेघ, सगळं ठरलेलं. आणि सगळ्यात मोठा आधार शीर्षकपानाचा. मुखपृष्ठावरचं नाव सजवलेलं असू शकतं, कण्यावरचं अर्धवट असू शकतं, सांगणारा चुकू शकतो. शीर्षकपान म्हणेल ते प्रमाण. तिथून नाव घ्यायचं, लेखक घ्यायचा, आवृत्ती घ्यायची, मग पानं मोजायची आणि पट्टी लावून उंची मोजायची. या सगळ्यात कुणाला काही विचारावं लागत नाही. माझ्यासारखीला याहून काय पाहिजे?

कोर्स संपला, नोकरी मिळेना, आणि बोरी अरबच्या आत्याला माझी काळजी वाटू लागली. तिच्या गावच्या वाचनालयालाही एक काळजी होती. तिथले ग्रंथपाल राऊत काका संक्रांतीनंतर कायमचे नागपूरला मुलीकडे जायचे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जुनं दाखल रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, नवीन अर्धवट. कुठलं पुस्तक कुठे आहे आणि कुठलं नाही, ते फक्त काकांच्या डोक्यात. काका जायच्या आत ते सगळं संगणकावर उतरलं नाही, तर मागे पुस्तकं उरतील पण वाचनालय उरणार नाही, असं समितीच्या अध्यक्षांनी आत्याला सांगितलं. आत्यानं मला न विचारता उत्तर दिलं, "आमची पोरगी करते ना. तिचं शिक्षणच ते हाय. बोलत नाई जास्त, पन काम करते."

आजवर माझी इतकी खरी शिफारस कुणी केलेली नाही.

दोन खोल्या, वर टिनपत्रे, साडेसहा कपाटं. अर्धं कपाट म्हणजे दाराजवळचं, ज्याचा खालचा खणच तेवढा शाबूत होता. वास कागदाचा, डांबरगोळ्यांचा आणि समोरच्या चहाच्या टपरीवरच्या आल्याचा. राऊत काका खुर्चीवर बसून राहायचे. कुणी येऊन म्हणायचं, "काका, ते द्या ना, त्या इहिरीवाल्या बाईचं." काका उठायचे, दुसऱ्या कपाटापाशी जाऊन डोळे मिटायचे, कण्यांवरून बोटं फिरवत न्यायचे आणि एका ठिकाणी थांबायचे. पुस्तक बरोबर असायचं.

"काका, ही पुस्तकं कशी लावली आहेत?" मी पहिल्याच दिवशी वही उघडून विचारलं. हे वाक्य मी आत्याच्या घरून जुळवून आणलं होतं.

"जसे लोक येतात तशी."

"म्हणजे?"

"म्हंजे पेन्शनवाल्या गुरुजीले वाकता येत नाई, त्यायचं छातीच्या उंचीवर. लेकराइचं खाली. ज्यायचं एकमेकाशी पटत नाई त्यायचं एका कपाटात नाई. नाईतर तिथं उभं राहून भांडते."

हे मला वहीत कुठल्या मथळ्याखाली लिहावं कळेना. मी त्यांना दशांश वर्गीकरण समजावून सांगितलं. जगातलं सगळं ज्ञान दहा भागांत, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. काकांनी फार मन लावून ऐकलं.

"दहात बसलं का सगळं?" ते म्हणाले. "बरं झालं. आपल्याले तं साडेसहा कपाटं पुरून राह्यली नाई."

मग म्हणाले, "तू शिकलेली हायेस. कर तुह्या पद्धतीनं. मी सांगत जाईन, तू लिहीत जा."

कामाला तो हंगाम फार चांगला होता. सीतादही झालं, म्हणजे पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणीला सुरुवात झाली, की सकाळी आठनंतर गाव रिकामं होतं. बाया वेचायला, माणसं गाड्या भरायला. वाचनालयात कुणी फिरकत नाही. वेचणीच्या दिवसांत काका म्हणूनच सकाळी सातला दार उघडायचे. समोरच्या टपरीपाशी टेम्पो उभा राहायचा आणि बाया डबे, पाण्याच्या कॅन, कापूस बांधायची फडकी घेऊन त्यात चढायच्या. त्यातली एक जण घाईनं पायऱ्या चढून यायची, दारातल्या अर्ध्या कपाटाच्या खालच्या खणातून एक पुस्तक उचलायची, कालचं तिथं ठेवायची, "नेते वो काका" म्हणायची आणि जायची. तीन-चार आठवडे मी त्या बाईचा फक्त हात पाहिला. बोटांना बोंडांचे ओरखडे, मनगटात दोन हिरव्या बांगड्या. मी मनात नोंद केली: नियमित वाचक, एक.

डिसेंबरात काका डोळे दाखवायला दोन दिवसांसाठी नागपूरला गेले, आणि मी त्या अर्ध्या कपाटापर्यंत पोचले.

त्या दिवशी वेचणीला सुट्टी होती, त्यामुळे एकही पुस्तक बाहेर नव्हतं; खणात एक्केचाळीस पुस्तकं होती. एकालाही मुखपृष्ठ नव्हतं. एकालाही शीर्षकपान नव्हतं. काहींची सुरुवात पाचव्या पानावर, काहींची अकराव्या. पोत्याच्या सुतळीनं शिवलेली, कण्याला जुन्या लुगड्याची पट्टी खळीनं चिकटवलेली, कोपरे गोल झालेले, आणि पानापानांत कापसाचे तंतू. मी प्रत्येक पुस्तक उलटसुलट करून बघितलं. लेखक नाही, नाव नाही, गाव नाही. नियमाला धरून यांची नोंदच होऊ शकत नव्हती. जीर्ण आणि अपूर्ण पुस्तकं बाजूला काढावीत, हे मात्र माझ्या नोट्समध्ये स्पष्ट होतं, खाली अधोरेखितसुद्धा.

मी एक्केचाळीस चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकीवर निळ्या शाईनं लिहिलं: 'रद्द. शीर्षकपान नाही.' एकेका पुस्तकात एकेक घातली, सगळी एका जुन्या चादरीत बांधली आणि समितीला दाखवून रद्दीत द्यायला गाठोडं दाराशी ठेवलं. गाठ छान बसली होती. मला समाधान वाटलं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत संगणकाशी बसले होते. बाहेरून आवाज आला, "हे नेते वो मॅडम."

"हो," मी न बघता म्हटलं.

बारा वाजता बाहेर आले तर दाराशी गाठोडं नव्हतं. टपरीवाल्या दादांना विचारायला मला पाच मिनिटं धीर गोळा करावा लागला.

"गाठोडं? ते रोज पुस्तक नेनाऱ्या सुमनबाईनं टेम्पोत टाकलं ना, फडक्याइच्या संगं," ते कप विसळत म्हणाले. "तुमालेच तं विचारलं तिनं."

आता, वेचणीच्या दिवसांत त्या गावात दाराशी बांधून ठेवलेलं कुठलंही गाठोडं शेताकडे जातं किंवा शेतातून आलेलं असतं. तिसरी जात नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण मला गाठोड्याची चिंता नव्हती. रद्दीच होती ती. चिंता चिठ्ठ्यांची होती. ती बाई रोज पुस्तक नेत होती, म्हणजे तिला वाचता येत होतं. रोज हातात असलेल्या पुस्तकांत तिला एक्केचाळीस वेळा माझ्या अक्षरात 'रद्द' वाचायला मिळणार होतं.

आत्याची सायकल घेतली. वाट विचारायला लागू नये म्हणून टेम्पोच्या चाकोरीमागून गेले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मध्ये मध्ये तुरीच्या ओळी, तुरीला पिवळा फुलोरा. उन्हात गारवा होता. मी कधी एवढी मोकळी हवा अंगावर घेतली नव्हती आणि घेत होते तेव्हा मला तिची काही गोडी नव्हती, कारण पोचल्यावर काय बोलायचं ते वाक्य जुळत नव्हतं.

शेतातल्या बोरीखाली बारा-तेरा बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. पाठीमागे वेचलेल्या कापसाचा ढीग. ढिगावर माझी चादर पसरलेली आणि तिच्यावर ती पुस्तकं, दुकान मांडल्यासारखी. हिरव्या बांगड्यांची ती बाई उभ्यानं वाचत होती आणि बाकीच्या जेवता जेवता ऐकत होत्या. घास तोंडाशी थांबत होते. मला तेव्हा कळलं की माझी नोंद चुकली होती. नियमित वाचक एक नव्हती, तेरा होत्या.

"या मॅडम," सुमनबाई म्हणाल्या. "तुमचंच गाठोडं सोडून बसलो. लय चांगलं केलं बांधून ठेवलं ते. रोज एक नेनं, एक आननं, टेम्पोवाला खेकसते. आता वेचणी सरेपर्यंत आमच्यापाशीच राहू द्या. रोज घरी नेईन, ओलं होऊ देनार नाई."

"वेचणीसाठीच बांधलं ना वो?" एक म्हातारी आजी म्हणाली. त्या पार्बताआजी. "राऊतभाऊले इतक्या वर्सात सुचलं नाई पाहा."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

मी बसल्या जागी दोन-चार पुस्तकं चाळली. चिठ्ठी नव्हती. आणखी चाळली. एकातही नव्हती. टेम्पोत वाऱ्यानं उडाल्या असणार. माझा जीव भांड्यात पडला, आणि पार्बताआजींनी माझ्या हातात तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणि अर्धी भाकरी ठेवली.

संध्याकाळी काका नागपूरहून आले. सवयीनं दारातल्या खणावर हात फिरवला आणि थांबले. "रिकामा हाय?"

"शेतात आहेत सगळी. गाठोडं केलं."

काकांनी रिकामा खण पुन्हा एकदा चाचपला. मग खुर्चीत बसून हसायला लागले. "माह्या ध्यानात नाई आलं कधी. बाया येतीन, नेतीन, एवढंच पाह्यलं मी. पुस्तकं बायाइकडे गेली पायजे, हे तुले दोन महिन्यात समजलं." त्यांनी ही गोष्ट अध्यक्षांना सांगितली, अध्यक्षांनी आत्याला, आत्यानं गल्लीला. न केलेल्या चांगल्या कामाबद्दल कौतुक होतं तेव्हा कुठे बघायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी बाहेरच्या टपरीकडे बघितलं.

काकांनीच मग त्या खणाचं सांगितलं. तो वेचणीचा खण. त्यात जाण्यासाठी पुस्तकाला एक अट होती: प्रकरण एका भाकरीत संपलं पाहिजे. जेवण संपेपर्यंत वाचून व्हायला हवं, नाहीतर पुढच्या ओळीत मन राहतं आणि बोंडं सुटतात. काही पुस्तकं दीड भाकरीची होती, ती थोडी मागच्या बाजूला. फार रडवणारं काकांनी त्या खणात कधी ठेवलं नाही. "दुपारून आनखी चार तास वेचाचं असते त्याइले," ते म्हणाले. सर्वांत जास्त वाचली गेलेली पुस्तकं म्हणून त्यांची पानं आधी गेली. वाचकांच्या हातांनी पहिलं पान जातं, ते बाहेर असतं म्हणून. ज्या पानावरून मी पुस्तक ओळखायला शिकले होते, ते पान पुस्तक आवडलं की आधी नाहीसं होतं. माझ्या नोट्समध्ये हे नव्हतं.

मग माझा क्रम ठरला. सकाळी काकांबरोबर बाकीची कपाटं, आणि दोन दिवसांआड दुपारी सायकलनं शेत. एक्केचाळीसपैकी एकोणीस पुस्तकांची खरी नावं काकांना आठवली. बावीस राहिली. ती बायांना पाठ होती, फक्त नाव सोडून. मी वही घेऊन बसायचे आणि विचारायचे, हे कुठलं? मग भांडण लागायचं, दीर कुठल्या पुस्तकात आणि मावशी कुठल्यात.

"ते देराचं हाय."

"देराचं नाई वो, त्यात तं मावशी हाय. देर दुसऱ्यात."

"मावशी कोनती? मेलेली?"

"मेली काहून? शेवटी येते ना परत, खोकत खोकत."

मी सगळं लिहून घ्यायचे आणि घरी वाचून पाहायचे तर काही अर्थ लागायचा नाही. पण मला तिथं जायला आवडू लागलं होतं. बोलावं लागायचं नाही. बोलणं तिथं मुळातच भरपूर होतं.

एके दिवशी सुमनबाईंच्या डोळ्यात काही गेलं आणि त्यांनी उघडं पुस्तक माझ्या हातात दिलं. "आता तुमी वाचा."

मी नाही म्हटलं. कुणी ऐकलं नाही. वाचायला लागले. पहिल्याच वाक्यात 'प्रत्युत्तर' आलं आणि मी पाय टेकला. बारा बाया थांबल्या. कुणी हसलं नाही. पार्बताआजी घास चावत म्हणाल्या, "हळू जा. ऊन कुठं चाललं?" मी हळू गेले. दोन पानं झाली, तिसऱ्यावर मला वाटलं मी काही चुकवलं, कारण बाई पाणी भरत होती आणि एकदम बसमध्ये होती. पाहिलं तर सदतीस-अडतीस हे पानच नव्हतं.

"थांब," पार्बताआजी म्हणाल्या. हात पुसले, मांडी बदलली आणि ते पान त्यांनी तोंडानं सांगितलं. बाईनं घागर कुठे ठेवली, कुणाला सांगून निघाली, थैलीत काय घेतलं. सांगून झाल्यावर मला म्हणाल्या, "हं, आता एकोनचाळीस."

"मागल्या साली थैलीत लाडू होते, आजी," एक जण म्हणाली.

"मागल्या साली गूळ सस्ता होता."

ते पुस्तक मी पुढे आठ दिवस रोज जाऊन वाचलं. अकरापैकी उरलेली आठ प्रकरणं, एकेका भाकरीची. शेवटच्या प्रकरणात मी एकदाही थांबले नाही, की थांबले आणि मला कळलं नाही, ते सांगता येणार नाही.

जानेवारी लागला आणि दिवस कमी पडू लागले. बावीस पुस्तकं अजून कॅटलॉगमध्ये नव्हती. मी नियमांचं पुस्तक पुन्हा काढलं आणि शीर्षकपानावरचं प्रकरण पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. शिकताना मी ते जिथं परीक्षेला पुरेसं होतं तिथं सोडून दिलं होतं. पुढे लिहिलं होतं की पुस्तकावर नाव कुठेच नसेल, तर माहितगाराकडून घ्यावं किंवा नोंद करणाऱ्यानं स्वतः द्यावं, आणि ते चौकटी कंसात लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हे छापलेलं नाही, कुणीतरी दिलेलं आहे. नियम तयार करणाऱ्याला अशी पुस्तकं माहीत होती. त्यानं त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती, आणि मी चिठ्ठ्या कापत बसले होते.

कंस मिळाले. आत लिहायला एकमतानं ठरलेली नावं मात्र नव्हती. ती विचारायला दुसऱ्या दिवशी शेतावर गेले तर बोरीखाली कुणी नव्हतं. तिथली वेचणी सरली होती आणि सगळ्या बाया राळेगावकडच्या एका शेतावर आठ-दहा दिवसांसाठी गेल्या होत्या. गाठोडं घेऊन. काका संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जाणार होते. तोवर त्यांना मी रोज एकच सांगत होते, "थोडंच राहिलंय." रोज सकाळी सातला दार उघडून बसायचे. टेम्पो यायचा नाही. टपरीवाले दादा न विचारता सांगायचे, "नाई आल्या."

भोगीच्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर पावलं वाजली. सुमनबाई. डोक्यावर गाठोडं, हातात तिळाची भाकरी फडक्यात बांधलेली. गाठोडं खाली ठेवलं, पुस्तकं एकेक मोजून मला दिली, एक्केचाळीस. मग कमरेच्या पिशवीतून एक पुडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे पन घ्या. नावं पायजे होती ना तुमाले? राळेगावले रोज जेवल्यावर भांडून भांडून ठरवली. सगळ्याइची."

पुडक्यात चिठ्ठ्या होत्या. पेन्सिलनं, टपोऱ्या, शाळेत गिरवलेल्या अक्षरांत एकेकीवर एकेक नाव. 'खोकत येणारी मावशी.' 'दोन भावांची एक गाय.' 'शाळेत गेलेली सून, लपून.' मी वाचत गेले आणि चौथी-पाचवी चिठ्ठी हातातून उलटी पडली. मागे निळी शाई होती. माझं अक्षर.

मी मान वर केली नाही. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि मी ते म्हणणारही होते, पण सुमनबाई बाहेर बघत पदरानं मान पुसत म्हणाल्या, "टेम्पोतच काढून ठेवल्या होत्या मी. बाकीच्याइनं पाह्यल्या असत्या तं उगाच काही बोलल्या असत्या."

"मी तेव्हा..."

"पाठकोरे होते," त्या म्हणाल्या. "चांगले जाड कागद. माह्या बापानं आमाले पाठकोऱ्यावरच शिकवलं. फेकू कायले?"

मग भाकरीचं फडकं माझ्याकडे सरकवलं. "खा. थंडी झाली तं कडक होते."

त्या दिवशी आणि संक्रांतीला मी टाइप करत राहिले. कंसात नाव. लेखक अज्ञात. पानं किती, उंची किती सेंटिमीटर. मग टिपेची जागा येते, जिथं नोंद करणाऱ्याला आवश्यक वाटेल ते लिहिता येतं. तिथं मी लिहिलं, 'प्रकरणे एका भाकरीची' किंवा 'दीड भाकरीची'. आणि एका पुस्तकापुढे लिहिलं, 'पृ. ३७-३८ नाहीत, पार्बताबाईंना विचारावे.' परीक्षेत याला शून्य मिळालं असतं. पण शोधणाऱ्याला पुस्तकाचं ते पान मिळालं पाहिजे, आणि ते तिथंच मिळत होतं.

निघायच्या दिवशी काका बॅग बाहेर ठेवून आत आले आणि माझ्या मागे उभे राहिले. त्यांना पडदा दिसत नव्हता. "काढ बरं," ते म्हणाले, "ते लपून शाळेत जानाऱ्या सुनेचं."

मी टाइप केलं. वाचून दाखवलं, दारातलं कपाट, खालचा खण, डावीकडून सातवं. काका गेले, वाकले, डाव्या हातानं मोजलं, सातवं पुस्तक काढून अंगठ्यानं त्याचा कणा चोळला. लुगड्याची पट्टी ओळखीची लागली असावी.

"जमलं," ते म्हणाले. "जातो मी आता."

मी त्यांना नमस्कार केला. बसपर्यंत बॅग मी उचलली, आणि वाटेत मीच त्यांच्याशी बोलत होते, हे आत्यानं नंतर भेटणाऱ्या सगळ्यांना सांगितलं.

मी आता यवतमाळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. शांतता भरपूर आहे. शीर्षकपान नसलेलं पुस्तक समोर आलं की मी आधी विचारते, हे कोण वाचतं? सहकाऱ्यांना वाटतं मी दंड करणार आहे. राऊत काकांचे डोळे बरे झाले, नागपूरला मुलीच्या सोसायटीत त्यांनी एक कपाट उघडलं आहे म्हणे, लोक येतात तसं लावलेलं. बोरी अरबच्या वाचनालयात एक नवीन मुलगी ग्रंथपाल आहे. तिला काही अडलं की तिचा फोन येतो.

चाळीस चिठ्ठ्या मी वाचनालयाच्या फाइलला लावून आले. एक माझ्याजवळ राहिली. ती मी आठ दिवस मोठ्याने वाचलेल्या पुस्तकाची होती. त्याचं नाव ठरवताना म्हणे सर्वांत कमी भांडण झालं. पाठीमागे 'रद्द. शीर्षकपान नाही.' आणि पुढे सुमनबाईंच्या पेन्सिलनं, 'मॅडमनं वाचलेलं.' कॅटलॉगमध्ये ते याच नावानं आहे, चौकटी कंसात.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत नवीन मुलीचा फोन आला.

"मॅडम, एक बाई आल्या हायेत, [मॅडमनं वाचलेलं] मागून राह्यल्या. संगणक दाखवते हाय म्हून, पन जाग्यावर नाई."

"दारातला खालचा खण बघितलास?"

"तो तं पूर्ण रिकामा हाय. एकही पुस्तक नाई. चोरी तं नाई झाली ना वो?"

"वेचणी लागली का तिकडे?"

"सीतादही होऊन आठ दिवस झाले."

मी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं.

"मग शेतात असेल," मी म्हटलं. "त्या बाईंना म्हणावं, टेम्पोच्या चाकोरीमागून जा. बाया आत्ता वाचून राह्यल्या असतील."